फॉर्म भरला, पुढे काय? स्वयंसेवक नोंदणी आपोआप यादीत पोहोचवण्याची पहिली जोडणी

स्वयंसेवकांची नोंदणी ज्यांनी एकदा तरी सांभाळली आहे, त्यांना हा प्रसंग ओळखीचा असेल. फॉर्मची लिंक ग्रुपवर गेली, दोन दिवसांत शंभरेक जणांनी भरली, आणि आता कुणीतरी रात्री बसून शीटमधलं एकेक नाव उचलून संस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकतंय. टाकता टाकता एकाचा मोबाइल नंबर खालच्या ओळीतल्या माणसाला जातो, कुणाचं नाव दोनदा येतं. आणि ज्याने सगळ्यांत आधी फॉर्म भरला त्याला चौथा दिवस उजाडला तरी कुणाचा फोन नाही. तोवर त्याने दुसरं काही ठरवलेलं असतं.

हे मधलं हातकाम काढून टाकता येतं, आणि त्यासाठी प्रोग्रामिंग यावंच लागतं असं नाही. खरी जोडणी तासाभरात होते. त्याआधी कागद-पेन घेऊन जे ठरवायचं असतं त्याला मात्र दोन संध्याकाळी द्याव्या लागतात, आणि लोक नेमक्या त्याच वाचवायला बघतात. मीही पहिल्यांदा तेच केलं.

आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: महिन्याला किती नोंदी येतात? दहा-पंधराच येत असतील तर हा खटाटोप करू नका. तेवढी नावं हाताने टाकताना माणसं ओळखीची होतात, ते बरंच आहे. नोंदी एकदम लोंढ्याने येत असतील, किंवा यादी सांभाळणारी माणसं सारखी बदलत असतील, तर पुढे वाचा.

साखळी जितकी छोटी तितकी बरी

या कामात तीन गोष्टी असतात. एक फॉर्म: गूगल फॉर्म्स, मायक्रोसॉफ्ट फॉर्म्स, जॉटफॉर्म, टाइपफॉर्म, टॅली वगैरे. दुसरी, स्वयंसेवकांची यादी सांभाळणारं सॉफ्टवेअर: सिव्हीसीआरएम, एअरटेबल, सेल्सफोर्स, बेटर इम्पॅक्ट, व्हॉल्जिस्टिक्स असं काहीही. तिसरा मधला निरोप्या, म्हणजे इथली माहिती तिथे नेऊन ठेवणारी सेवा: झेपियर, मेक (हिचं आधीचं नाव इंटिग्रोमॅट), एनएटएन (n8n), मायक्रोसॉफ्टच्या घरची पॉवर ऑटोमेट.

नवखा माणूस सहसा तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथेच सगळी गंमत दिसते. पण आधी बघा की निरोप्या लागतो का. बेटर इम्पॅक्ट आणि सिव्हीसीआरएम यांच्यात स्वतःचा नोंदणी फॉर्म बनवता येतो. तो वापरला तर भरलेली माहिती थेट यादीतच पडते आणि जोडायला काही उरतच नाही. दिसायला तो फॉर्म जरा रुक्ष असेल, चालतं. ते जमत नसेल तर फॉर्मच्या सेटिंगमध्ये ‘इंटिग्रेशन्स’ बघा. जॉटफॉर्म, उदाहरणार्थ, एअरटेबलला आणि सेल्सफोर्सला मधल्या कुणाशिवाय जोडता येतो. दोन्ही वाटा बंद असतील तरच निरोप्या आणा. मध्ये वाढलेली प्रत्येक सेवा म्हणजे आणखी एक पासवर्ड, आणखी एक मर्यादा आणि बिघाडाची आणखी एक जागा.

फॉर्म शेवटी बनवा

सॉफ्टवेअर उघडा आणि एका काल्पनिक स्वयंसेवकाची नोंद हाताने करून बघा. कोणते रकाने आहेत? कोणते भरल्याशिवाय नोंद जतनच होत नाही? कुठे मोकळा मजकूर चालतो, कुठे तारीखच लागते, कुठे ठरलेल्या पर्यायांतूनच निवडावं लागतं? हे सगळं एका कागदावर उतरवा आणि प्रत्येक रकान्यासमोर फॉर्ममधला प्रश्न लिहा. यालाच पुढे मॅपिंग म्हणतात, आणि निम्मं काम इथेच होतं.

एखाद्या प्रश्नासमोर रकानाच सापडत नसेल, तर तो प्रश्न कशासाठी विचारताय? ‘आमच्याबद्दल कुठून कळलं’ हे प्रत्येक फॉर्मवर असतं आणि त्याची उत्तरं बहुतेक ठिकाणी कुणी वाचत नाही. काढून टाका. प्रश्न कमी झाले की फॉर्म अर्धवट सोडून जाणारेही कमी होतात.

काही रकाने मात्र हमखास त्रास देतात.

नाव. सॉफ्टवेअरला नाव आणि आडनाव वेगळं लागत असेल, तर फॉर्ममध्येही दोन वेगळे प्रश्न ठेवा. पूर्ण नाव एका चौकटीत घेऊन पुढे तोडू म्हणाल तर फसाल. कुणी आडनाव आधी लिहितं, कुणी तीन शब्द लिहितं, कुणी फक्त एकच. कुठे तोडायचं हे यंत्राला कळत नाही.

मोबाइल नंबर. शीटला हा आकडा वाटतो. त्यामुळे सुरुवातीचं शून्य ती गिळते, आणि अधिक चिन्हाने सुरू होणारा नंबर दिसला की त्याला सूत्र समजून बसू शकते. नंबरांच्या कॉलमचा प्रकार आधीच ‘साधा मजकूर’ करून ठेवा. देशाच्या कोडसह, मध्ये जागा किंवा रेघ न सोडता नंबर मागितला तर उत्तम. आंतरराष्ट्रीय पद्धत तशीच आहे: अधिक चिन्ह आणि त्यापुढे जास्तीत जास्त १५ अंक. आणखी एक अडचण खास आपल्या लिपीची. मराठी कीबोर्ड चालू असलेला माणूस नंबरही देवनागरी अंकांत लिहून मोकळा होतो. वाचणाऱ्याला काहीच खटकत नाही, सॉफ्टवेअर मात्र नोंद नाकारतं. फॉर्मच्या उत्तर-पडताळणीत फक्त इंग्रजी अंक चालतील अशी अट घाला आणि चूक झाल्यावर दिसणारा संदेश मराठीत, समजेल असा लिहा.

तारीख. ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च? तारीख मजकुरात विचारू नका, तारखेचाच प्रश्नप्रकार वापरा. पुढे पाठवताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवला की गोंधळाला जागा राहत नाही.

पर्याय. सॉफ्टवेअरमध्ये ‘सकाळ’ आणि फॉर्ममध्ये ‘सकाळची पाळी’ असेल तर यंत्रासाठी ते दोन वेगळे शब्द आहेत. इथपर्यंत कुणालाही पटतं. पण मराठीत याहून बारीक खोड आहे. ‘दुसऱ्या शनिवारी’ यातला ‘ऱ्या’ वेगवेगळे कीबोर्ड वेगवेगळ्या अक्षरांनी बनवतात. ‘ॲ’चंही तेच. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. म्हणून पर्याय दोन्हीकडे टाइप करू नका. एकीकडे लिहा आणि तिथून कॉपी करून दुसरीकडे चिकटवा. ‘सगळं बरोबर दिसतंय तरी जुळत नाही’ अशी तक्रार आली की मी आधी हेच तपासतो.

माणूस एकदाच, सहभाग कितीही वेळा

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. माणूस आणि त्याची नोंदणी या दोन वेगळ्या नोंदी आहेत. एकच बाई जूनमध्ये सफाई मोहिमेला येते, ऑगस्टमध्ये रक्तदान शिबिराला. फॉर्मच्या शीटमध्ये तिच्या दोन ओळी असणार, तिथे ते बरोबरच आहे. सॉफ्टवेअरमध्ये मात्र ती एकदाच असली पाहिजे आणि तिच्या नावाखाली दोन सहभाग. ‘फॉर्म आला की नवी नोंद कर’ अशी सरळ जोडणी केली, तर वर्षभरात तुमच्याकडे कागदोपत्री चारशे स्वयंसेवक होतात आणि प्रत्यक्षात दीडशे.

म्हणून जोडणीची पहिली कृती ‘शोध’ ही असली पाहिजे. सापडला तर त्याच नोंदीत भर घाल, नाही सापडला तरच नवा माणूस तयार कर. झेपियरमध्ये काही सॉफ्टवेअरांसाठी ‘शोधा किंवा तयार करा’ अशी एकच पायरी मिळते. मेकमध्ये शोधाची पायरी टाकून पुढे दोन फाटे काढावे लागतात. सिव्हीसीआरएममध्ये दुबार नोंदी ओळखायचे नियम आपणच ठरवू शकतो.

शोधायचं कशावरून? नावावरून कधीच नाही. तोच माणूस एकदा देवनागरीत लिहितो, एकदा रोमनमध्ये, एकदा टोपणनावाने. ईमेल बरा, पण तो जुळवण्याआधी अक्षरं लहान करून घ्या आणि मागेपुढे राहिलेली रिकामी जागा काढून टाका. मोबाइलवर आपोआप सुचणारा ईमेल निवडला की शेवटी एक स्पेस चिकटते, आणि तेवढ्यावरून यंत्र माणूस ओळखायला नकार देतं. ज्यांच्याकडे ईमेल फारसा वापरात नाही अशा लोकांची नोंदणी असेल तर मोबाइल नंबर धरा.

यातही एक पेच आहे: घरात एकच नंबर, आई आणि मुलगा दोघे त्यावरून फॉर्म भरतात. जोडणी आज्ञाधारकपणे आईच्या नोंदीवर मुलाचं नाव लिहून टाकते. यावर माझा नियम असा: ईमेल किंवा नंबर जुळला पण नाव वेगळं असेल तर यंत्राने काहीही बदलायचं नाही. अशी नोंद ‘तपासा’ नावाच्या वेगळ्या यादीत टाकायची, निर्णय माणसाने घ्यायचा. आठवड्याला अशा तीन-चार निघतात, पाच मिनिटांचं काम.

जुन्या नोंदीत भर घालताना आणखी एक सावधगिरी. यावेळी त्याने रक्तगट लिहिला नाही म्हणून मागच्या वेळचा लिहिलेला पुसला जाता कामा नये. उत्तर रिकामं असेल तर तो रकाना सोडून द्यायचा, अशी अट प्रत्येक निरोप्यामध्ये कुठे ना कुठे असते. ती शोधा.

प्रत्यक्ष जोडणी

समजा फॉर्म गूगलचा आहे. फॉर्मच्या ‘प्रतिसाद’ टॅबमधून तो शीटला जोडा. मग तो फॉर्म स्वतः एकदा पूर्ण भरा, ऐच्छिक प्रश्नांसकट. निरोप्या नमुना म्हणून आलेल्या उत्तरांपैकीच एक उचलतो. तुम्ही रिकामे सोडलेले रकाने मॅपिंगच्या वेळी रिकामेच दिसतील आणि कुठला कुठे लावायचा हे कळणार नाही.

आता निरोप्यामध्ये नवीन जोडणी सुरू करा. ट्रिगर (ज्या घटनेने जोडणी चालू होते ती) म्हणून ‘नवा प्रतिसाद’ निवडा. खातं जोडायला सांगेल तेव्हा संस्थेचं सामायिक खातं द्या, स्वतःचं नको. वैयक्तिक खात्यावर बांधलेली जोडणी, तो माणूस संस्था सोडून गेला किंवा त्याने पासवर्ड बदलला की एखाद दिवशी बंद पडते, आणि का बंद पडली हे सांगायला कुणी नसतं.

पुढची कृती शोधाची, मग दोन फाटे: सापडला, नाही सापडला. प्रत्येक फाट्यात कागदावरच्या मॅपिंगप्रमाणे रकाने लावा. मग सहभागाची नोंद: कोणता कार्यक्रम, कोणती पाळी, कोणती तारीख. ती त्या माणसाच्या नोंदीला जोडताना नावाने जोडू नका, शोधातून मिळालेल्या क्रमांकाने जोडा. शेवटी दोन संदेश, एक स्वयंसेवकाला पोचपावतीचा आणि एक समन्वयकाला. बस. वेगवेगळे ग्रुप, कॅलेंडर, प्रमाणपत्रं हे सगळं नंतर. पहिल्या जोडणीत एवढंच.

मायक्रोसॉफ्टच्या बाजूला असाल तर एक ठेच ठरलेली आहे. पॉवर ऑटोमेटमधला फॉर्मचा ट्रिगर फक्त प्रतिसादाचा क्रमांक देतो, उत्तरं देत नाही. त्याच्या लगेच खाली ‘प्रतिसादाचा तपशील मिळवा’ ही पायरी लावावी लागते. ती नसेल तर उत्तरं गेली कुठे म्हणून आपण तासभर शोधत बसतो.

फॉर्म भरून मिनिट झालं तरी सॉफ्टवेअरमध्ये नाव दिसत नाही म्हणून घाबरू नका. काही जोडण्या ठरावीक मिनिटांनी फॉर्मकडे जाऊन ‘काही नवीन आलंय का’ असं विचारतात. काहींमध्ये फॉर्म स्वतःच ताबडतोब हाक मारतो, त्या हाकेला वेबहूक म्हणतात. नोंदणीच्या कामाला दोन्ही चालतात. कार्यक्रमाच्या दारात उभं राहून नोंदणी घेणार असाल तरच वेबहूकचा आग्रह धरा.

थोडंफार कोड येणारं कुणी सोबत असेल, तर गूगलच्या ॲप्स स्क्रिप्टमध्ये हेच सगळं मधल्या सेवेशिवाय होतं. शीटवर ‘फॉर्म सबमिट झाल्यावर’ चालणारा ट्रिगर बसवता येतो. पण साध्या जीमेल खात्यातून स्क्रिप्टने दिवसाला १०० जणांनाच ईमेल जातो. मोठ्या आवाहनाच्या दिवशी एकशेएकाव्या माणसाला पोचपावती मिळणार नाही, हे आधी लक्षात घ्या. आणि स्क्रिप्ट लिहिणारा सोडून गेला तर ती कोण वाचणार, हेही.

मुद्दाम चुकीचं भरून बघा

लिंक बाहेर देण्याआधी चार-पाच जणांना बसवून फॉर्म वाईट भरायला सांगा. एकाच ईमेलने दोनदा. तोच ईमेल मोठ्या अक्षरांत. नाव देवनागरीत, मग रोमनमध्ये. सगळे ऐच्छिक प्रश्न रिकामे. ‘आणखी काही सांगायचं आहे?’ मध्ये तीन ओळींचा मजकूर आणि एक इमोजी. दोन पाळ्या एकदम निवडून. प्रत्येक वेळी सॉफ्टवेअरमध्ये जाऊन काय पडलं ते बघा. निरोप्याने हिरवी खूण दाखवली म्हणून खूश होऊ नका. हिरवी खूण म्हणजे माहिती पोहोचली, बरोबर पोहोचली असं नाही. तपासणी झाली की या खोट्या नोंदी आठवणीने पुसा, नाहीतर पुढच्या अहवालात ‘टेस्ट टेस्ट’ नावाचा स्वयंसेवक झळकतो.

चालू फॉर्मला हात लावू नका

माझी फजिती इथे झाली. कार्यक्रम दोन दिवसांवर, जोडणी छान चाललेली. आमच्यातल्या एकाला ‘कोणती पाळी?’ हा प्रश्न नीट वाटला नाही, म्हणून त्याने तो काढून नवा प्रश्न घातला. गूगल फॉर्ममध्ये प्रश्न काढला तरी शीटमधला जुना कॉलम तसाच राहतो आणि नव्या प्रश्नाला वेगळा कॉलम मिळतो. आमची जोडणी निष्ठेने जुना, आता कायमचा रिकामा झालेला कॉलम वाचत राहिली. चाळीस लोक पाळीशिवाय नोंदले गेले. एकही एरर नाही, कारण रिकामा रकाना ही काही चूक नव्हे. ती रात्र आम्ही फोन करण्यात घालवली.

तेव्हापासून लिंक बाहेर गेली की फॉर्म बदलायचा अधिकार एकाच माणसाकडे. बदल करावाच लागला तर आधी जोडणी थांबवायची, बदल करायचा, मॅपिंग पुन्हा तपासायचं, चाचणीची एक नोंद करायची आणि मग चालू. प्रतिसादांची शीटही तशीच सोडायची. तिच्यात क्रम लावणं, मध्ये ओळ घालणं, कॉलमची नावं सुंदर करणं यांपैकी काहीही नको. चाळायची असेल तर दुसऱ्या टॅबमध्ये सूत्राने माहिती ओढून घ्या आणि तिथे हवं ते करा.

‘भरल्यानंतर उत्तर बदलू द्या’ ही सोय फॉर्ममध्ये चालू असेल तर एक विचार करा. बदललेलं उत्तर शीटच्या त्याच ओळीत येतं, नवी ओळ होत नाही. फक्त नव्या ओळीची वाट पाहणाऱ्या जोडणीला हा बदल कळतच नाही. मी ही सोय बंद ठेवतो. बदल असेल तर फॉर्म पुन्हा भरा म्हणून सांगतो, कारण शोधाची पायरी आता जुनी नोंद ओळखते.

पोचपावतीत काय लिहाल

‘तुमची नोंद मिळाली’ आणि ‘तुमची निवड झाली’ यांत फरक आहे. आपोआप जाणाऱ्या संदेशात फक्त पहिलं लिहा. सकाळच्या पाळीला वीस जण हवेत आणि एकविसावा फॉर्म आला, हे साध्या गूगल फॉर्मला कळत नाही, तो त्या पाळीचा पर्याय स्वतःहून बंद करत नाही. त्यासाठी वेगळं ॲड-ऑन (फॉर्मला जोडायचं पूरक साधन) लावा किंवा सॉफ्टवेअरमधली जागांची मर्यादा वापरा, आणि पुढच्यांना प्रतीक्षायादीत टाका. पोचपावतीत पुढची पायरी आणि मुदत स्पष्ट लिहा: ‘तीन दिवसांत आमच्यापैकी एक जण तुम्हाला फोन करेल.’ मग तो फोन खरोखर करा. तो फोन यंत्रावर सोपवू नका, त्यासाठीच तर हातकाम वाचवलं.

रोजची मोजणी

जोडणी कधीतरी तुटणारच. कुठे परवानगीची मुदत संपेल, कुठे मोफत योजनेची मासिक मर्यादा. तुटल्याचं कळणं महत्त्वाचं. बिघाडाचे ईमेल एका माणसाकडे न जाता सामायिक पत्त्यावर जाऊ द्या. शिवाय रोज एकदा दोन आकडे बघा: शीटमध्ये आज किती ओळी आल्या, सॉफ्टवेअरमध्ये आज किती सहभाग नोंदले गेले. जुळले तर ठीक. नाही जुळले तर निरोप्याच्या इतिहासात जा, तिथे कोणती नोंद कुठे अडकली ते दिसतं आणि ती पुन्हा पाठवता येते. सहभाग नोंदवण्याआधीही ‘याच माणसाची याच पाळीची नोंद आहे का’ हे शोधायला लावलं असेल, तर पुन्हा पाठवल्याने दुबार नोंदीची भीती नाही.

माहिती लोकांची आहे

प्रतिसादांची शीट ‘लिंक असलेल्या कुणालाही’ दिसेल अशी ठेवू नका. घाईत सगळ्यांत जास्त होणारी चूक हीच. सॉफ्टवेअरची एपीआय की (जोडणीसाठी मिळणारी गुप्त किल्ली) ग्रुपवर टाकू नका, ती ज्याच्याकडे असेल त्याला यादीचं दार उघडं असतं. माहिती कशासाठी वापरणार हे फॉर्ममध्येच दोन ओळींत सांगून संमती घ्या आणि त्या संमतीचाही रकाना सॉफ्टवेअरमध्ये ठेवा. युरोपात जीडीपीआर हा माहिती-संरक्षणाचा कायदा २०१८ पासून लागू आहे, भारतात वैयक्तिक डिजिटल माहितीचा कायदा २०२३ मध्ये झाला. दोन्हींत संमती आणि माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे. कुणी ‘माझं नाव काढा’ म्हणालं तर सॉफ्टवेअरमधून काढून भागत नाही. तेच नाव शीटमध्ये, फॉर्मच्या प्रतिसादांत आणि काही काळ निरोप्याच्या इतिहासातही असतं. अल्पवयीन मुलं येणार असतील तर पालकाच्या संमतीचा प्रश्न ऐच्छिक ठेवू नका.

पहिला आठवडा मात्र जुन्या पद्धतीने, हाताने लिहिलेली यादीही चालू राहू द्या. रोज संध्याकाळी दोन्ही शेजारी ठेवून ताडून बघा. सलग सात दिवस एकही फरक निघाला नाही की आठव्या दिवशी हाताची यादी बंद करा आणि मॅपिंगचा तो कागद फोटो काढून सामायिक खात्यात ठेवून द्या, पुढच्या समन्वयकासाठी.